डावीकडची सीट

मी राळेगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांविरुद्धची माझी भाषणं पोरांना इतकी पाठ आहेत, की मी नुसतं ‘लिंबू’ म्हटलं तरी शेवटच्या बाकावरून ‘सायट्रिक आम्ल, सर!’ असं उत्तर येतं. त्यात आमचं घर बौद्ध. श्राद्ध, पिंड, कावळा... काहीच नाही. त्यामुळे हे नेमकं माझ्याच वाट्याला यावं याचा मला आधी राग आला, भीती नंतर वाटली.

ठिकाण दारव्हा, सासऱ्यांच्या अंगणातलं टिनाचं शेड. निमित्त मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पहिल्या स्मृतिदिनाचं. वंदना झाली, जेवणं झाली. वेळ दुपारी तीनची. ऊन असं, की भूत असतंच तर तेही कूलरसमोर जाऊन बसलं असतं.

शेडमध्ये मामाजींची जुनी पेट्रोल गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. मामी — माझ्या सासूबाई — सकाळीच म्हणाल्या होत्या, “ज्याच्या हातून सुरू होईन, त्यानं घेऊन जा बापा.”

खरं सांगतो, मला गाडी नको होती. ती विलासला मिळायला नको होती! विलास म्हणजे माझा साडू. उमरखेडला शेतीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे त्याचं. नळ गळाला, की मामाजी म्हणायचे, “विलासराव असते तर...” पंखा कुरकुरला, “विलासराव असते तर...” वीस वर्षं मी त्या घरचा मोठा जावई, आणि वीस वर्षं माझी ओळख एकच — जो विलासराव नाही, तो.

म्हणून मी आठवडाभर मोबाईलवर गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ पाहून गेलो होतो. नवी बॅटरीही नेली. सगळ्यांसमोर ऐटीत बसलो आणि सेल्फ मारला. गर्र... गर्र... गर्र... इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. विलास दारात बडीशेप चघळत उभा.

“दादा, चोक ओढला का?”

“ओढला.”

“पेट्रोल जुनं असन.”

“बदललं.” आणि मनात म्हणालो, तू बडीशेप खा.

शेवटी रशीदभाईंना बोलावलं. या गाडीचे ते कायमचे मिस्त्री. त्यांनी प्लग काढून त्याची वायर इंजिनाजवळ धरली, मला सेल्फ मारायला लावला, आणि मान हलवली. “सर, पेट्रोल येऊन राह्यलं, हवा येऊन राह्यली. चिनगारीच नाई.” पॉइंट घासले, कॉइल बदलून पाहिली. तरी तेच. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “चोर स्विच!”

चोर स्विच म्हणजे गाडीत लपवलेलं बटण. ते बंद असलं, की सेल्फ फिरतो पण ठिणगी पडत नाही. चोर दमून निघून जातो. “कुठं बसवला, ते मालकानं मले भी नाई सांगितलं,” रशीदभाई म्हणाले. “म्हणे, भरवशाच्या माणसालेच सांगीन.”

त्या क्षणी माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर गाडी यवतमाळपर्यंत गेली असती. मी विलासला म्हणालो, “सांगून टाक. तुलाच सांगितलं असणार.”

“मले?” विलासची बडीशेप थांबली. “मले तं जिंदगीभर एकच — गुरुजी असते तर समजावून सांगितलं असतं, गुरुजी असते तर अर्ज लिहून देला असता! म्या इतके वर्षं तुमच्यावर जळून राह्यलो, दादा!”

मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू... मग लगेच मामाजींचा राग आला.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. गुडघे दुखतात त्यांचे. कप बोनेटवर ठेवले, डावीकडच्या सीटवर टेकल्या आणि म्हणाल्या, “मारा आता.”

मी मारला. गाडी पहिल्याच फेरीला सुरू!

माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण गेलं असतं. विलासला पुन्हा दाखवावं म्हणून बंद करून परत लावली. मामी तोवर कप गोळा करायला उतरल्या होत्या. गर्र... गर्र...

आता मी पडलो विज्ञानाचा मास्तर. प्रयोग मांडला. डाव्या सीटवर विलास बसला — नाही. माझी बायको सुनंदा बसली — नाही. मामींच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं ठेवलं — नाही. मामी बसल्या — सुरू. तीनदा केलं, तीनदा तेच. रशीदभाईंनी वायर धरून पाहिली. मामी बसल्या की निळी ठिणगी, उठल्या की काही नाही.

सीट उपटून काढली. खाली धूळ आणि एक केसांची पिन. वायर नाही, बटण नाही. चोर स्विच ॲश-ट्रेच्या मागे सापडला. त्याच्या दोन्ही वायरी कापलेल्या, वरची टेप वाळून कडक झालेली. “हा तं कधीचाच काढून टाकला बावा,” रशीदभाई हळूच म्हणाले. “ह्याच्यातून काहीच जात नाई.” आणि चहा न पिता त्यांनी पाने-पकडी गोळा केल्या.

मी मामींना विचारलं, “मामाजींनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?”

“मले कायले सांगतीन? मले गाडीतलं काय समजते?” त्यांनी पदरानं सीटवरची धूळ झटकली. “फक्त मी बसल्याबिगर लावत नव्हते. म्हणत, तू बसली म्हणजे लागते. मले वाटे, गंमत करून राह्यले.”

विलास आणि मी, दोघंही एकदम चपला शोधायला लागलो.

गाडी दारव्ह्यालाच आहे. मामी घर सोडायला तयार नाहीत, आणि मामींशिवाय गाडी हलत नाही. एका रविवारी मी जातो, एका रविवारी विलास. मामींना बसवून बाजारापर्यंत नेऊन आणतो. यवतमाळचा एक मिस्त्री ‘अर्थिंग असेल’ म्हणाला. तेही तपासलं. नाही.

विलासचा हेवा आता वाटत नाही. मामाजींचा वाटतो. परवा सुनंदाला म्हणालो, “तू नाहीस म्हणून माझी स्कूटर सुरूच झाली नाही, असं कधी होईल का गं?”

ती तुरीची डाळ निवडत होती. वरही पाहिलं नाही. “तुमची स्कूटर मी बसली तरी लागत नाई. अन् लागली, तं मी बसायच्या आधीच तुम्ही गेअर टाकता.”

गाडीचं कारण मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मी सध्या एवढंच करतो, की गेअर टाकण्याआधी मागे वळून विचारतो... “बसलीस?”