चर्चची काही हरकत नाही

रिपोर्टरच्या आयुष्यात किस्से धुळीसारखे साचतात. आज झटकले तरी उद्या टेबलावर हजर. मंत्र्यांचे, ठाणेदारांचे, ठेकेदारांचे किस्से मी छापून मोकळा झालो. उरले ते आपल्याच माणसांचे. ते छापता येत नाहीत आणि गिळताही येत नाहीत. परवा शाहपुऱ्याला एका मित्राकडे चहा पिताना एक सांगितला, तो खूप हसला. दुसऱ्याला जरा कमी हसला. तिसऱ्यानंतर कप खाली ठेवून म्हणाला, "यार, तुम्ही लोक चर्चमध्ये करता तरी काय?"

मी भोपाळच्या बरखेड्यात वाढलो. वडील नगर जिल्ह्यातून इथल्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले, क्वार्टर मिळालं, आणि टाउनशिपचं चर्च आमचं झालं. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शास्त्राभ्यास चाले, आणि चर्च कमिटीची बैठकही तिथेच. कमिटीचे अध्यक्ष गायकवाड साहेब, कारखान्यातले रिटायर्ड मॅनेजर. कुरियन अंकल, ड्रॉइंग ऑफिसवाले. शीलाताई, टाउनशिपच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. तरुण पाळकसाहेब सगळ्यांना भीत. आणि मी. मला सगळे टाळत!

त्या वर्षी पाळकसाहेबांनी विषय काढला: परक्यांविषयी आणि गरिबांविषयी राष्ट्राचं कर्तव्य.

*

पहिल्याच गुरुवारी गायकवाड साहेब पेटले. त्यांचा मुलगा कॅनडात कायम राहायला पीआरसाठी अर्ज करून बसला होता आणि तिकडून उत्तर येत नव्हतं.

"स्वतःला ख्रिस्ती देश म्हणवतात!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "परक्याला आपला माना, असं शास्त्र सांगतं. आणि हे लोक एका शिकलेल्या, सभ्य मुलाला दाराबाहेर उभं करतात? लाज वाटली पाहिजे!"

आम्ही माना हलवल्या. तेवढ्यात दारात सुकमनी दिसली. कडेवर तान्ही मुलगी, हातात रिकामी बादली. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून ठेका-मजुरांच्या काही झोपड्या होत्या, त्यातली एक तिची. माणसं झारखंडकडची, तीही ख्रिस्ती. रविवारी सुकमनी आमच्याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे. झोपड्यांना नळ नव्हता, म्हणून पाणी चर्चमधून नेई.

"रुको बाई, बाहर रुको!" साहेब म्हणाले. "मीटिंग चल रही है."

*

पुढच्या वेळी पाळकसाहेबांना वाटलं, आधी परका कोण ते ठरवू. त्यांनी प्रत्येकाला मूळ गाव विचारलं.

गायकवाड साहेब नगरचे. कुरियन अंकल कोट्टायमचे. शीलाताई नागपूरच्या, "पण खास धंतोलीच्या!" पाळकसाहेब जालन्याचे. मी वाढलो इथे, पण जन्म नगरकडचाच.

"मग भोपाळचं कोण?" मी विचारलं. "म्हणजे इथेच जन्मलेलं?"

सुकमनी दारात बादली घेऊन उभीच होती. तिने कडेवरच्या मुलीकडे बोट केलं. "ई हियें हुई है. दीवार के पीछे."

साहेबांनी बराच विचार केला. "ते टेक्निकली," ते म्हणाले.

*

मग शास्त्रातला तो जुना नियम आला: शेताची कड कापू नये, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावी.

कुरियन अंकल म्हणाले, "हमारे पास खेत किधर है? क्वार्टर है!"

पण शीलाताईंचं मन मोठं. त्यांच्या अंगणात शेवगा होता आणि एक फांदी कुंपणाबाहेर गेली होती. त्यांनी भर सभेत उभं राहून जाहीर केलं, "ती फांदी आजपासून गरिबांची!" आम्ही टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांचे तर डोळे भरून आले.

दोन आठवड्यांनी त्यांच्या घरावरून गेलो तर फांदीच्या जागी नुसता खुंट.

"ताई, फांदी कुठे गेली?"

"अरे, तोडावी लागली." त्या वैतागून म्हणाल्या. "लोक खरंच शेंगा न्यायला लागले!"

*

झोपड्यांना नळ द्यावा म्हणून मी भांडून कमिटीचं शिष्टमंडळ इस्टेट ऑफिसात नेलं. टाउनशिपची घरं, जमीन, नळ, सगळं त्या ऑफिसच्या हातात. तिथल्या अधिकाऱ्याने चहा पाजला, ऐकून घेतलं आणि हात जोडले. "सर, गरीबों की सेवा तो आप चर्च वालों का काम है!"

बाहेर पडता पडता साहेब म्हणाले, "पाहिलंत? राष्ट्र हात झटकतंय."

"मग आपण देऊ. आपल्या नळाला पाइप जोडू."

"छे! मग राष्ट्राला कर्तव्याची जाणीव कशी होणार?"

"साहेब, ती बाई पाणी कुठून भरणार?"

"तुम्हा रिपोर्टर लोकांचं हेच वाईट," साहेब म्हणाले. "चर्चा तत्त्वाची चालू असते आणि तुम्ही मधेच बाई आणता!"

*

पावसाळा संपता संपता तोच अधिकारी गुरुवारी हॉलमध्ये आला. मागच्या झोपड्या हटवायच्या होत्या. त्या चर्चच्या भिंतीला टेकलेल्या, म्हणून चर्चला विचारायला आला होता. चर्चने थोडा वेळ मागितला असता तर तो थांबला असता. तसं त्याने बोलूनही दाखवलं. "आप लोग कहें तो ठंड के बाद देख लेंगे."

साहेब म्हणाले, "अवैध कब्जा म्हणजे अवैध कब्जा. नियम सबके लिए एक."

आता, साहेब रिटायर होऊन बराच काळ लोटला होता आणि ते अजून कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. मी तसं म्हणालो.

"माझी केस वेगळी आहे! माझं एक्स्टेंशन आहे!" आणि लगेच अधिकाऱ्याकडे वळून हळू आवाजात, "वैसे उसका क्या हुआ?"

मतं घेतली. झोपड्या राहाव्यात म्हणून माझा हात वर गेला. कुरियन अंकलचा कोपरापर्यंत आला आणि तिथेच थांबला. "मेरा आधा समझिए." शीलाताई म्हणाल्या, "मला त्यांची फार दया येते हो," आणि हात मांडीवरच ठेवला. पाळकसाहेब स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"चर्चची काही हरकत नाही," साहेबांनी निकाल दिला. "चला, प्रार्थना करू या."

*

सोमवारी सकाळी बुलडोझर आला. पत्रे कोसळत होते, बायका भांडी ओढून काढत होत्या. साहेब घरच्या कपड्यांतच धावत आले, पळत पळत ओरडले, "अरे संभालके! संभालके!"

मला वाटलं, कोणी माणूस खाली सापडलं.

"दीवार संभालो! चर्च की है!"

सुकमनी एक ट्रंक आणि गाठोडं घेऊन पाळकसाहेबांकडे आली. नवरा नवी जागा शोधायला गेला होता. "फादर, शाम तक हॉल में रख दें?"

पाळकसाहेब कासावीस झाले. "मैं कमिटी से पूछता हूँ," ते म्हणाले.

कमिटी गुरुवारी बसते.

*

आणि मग त्याच आठवड्याच्या रविवारी आमचा हंगामाचा सण. गावाकडच्या चर्चमधली ही पद्धत आमच्या वडीलधाऱ्यांनी इथे आणली. प्रत्येकाने आपण पिकवलेलं पहिलं फळ वेदीपुढे ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. पैसे गरिबांना. साहेब दरवर्षी लिलाव पुकारत, आणि फार झकास पुकारत. वस्तू उंच धरायची, मालकाला विचारायचं, कुठली, आणि पत्ता मोठ्याने सांगायचा. "शीलाताईंची पपई! बरखेडा, शाळेजवळचं क्वार्टर!" मग बोली चढे. साध्या लिंबांसाठी इंजिनियर लोक इरेला पेटत.

पपई गेली. कुरियन अंकलची केळी गेली. साहेबांनी एक मोठा लाल भोपळा दोन्ही हातांनी उचलला. "वा! असा भोपळा आजवर आला नव्हता! कोणाचा?"

शेवटच्या बाकावरून सुकमनी उठली. मुलगी खांद्यावर झोपली होती.

"अरे वा, सुकमनी! कहाँ का है?" साहेब सवयीने बोलून गेले.

"छप्पर पे कद्दू का बेल था, साहब." तिने वेदीमागच्या भिंतीकडे हात केला. "इसके पीछे."

साहेबांचे हात तसेच वर राहिले. "बोला," ते म्हणाले. "बोला, कोण सुरुवात करतं?"

शीलाताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी गीतांचं पुस्तक उघडून पानं चाळायला लागलो. आयुष्यभर बडबड केली मी, आणि तेव्हा पानं चाळली.

"बोला ना," साहेब म्हणाले. भोपळा जड होता.

"दस रुपया," सुकमनी म्हणाली.

साहेबांनी सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. "दस रुपया एक. दस रुपया दो." मग फारच हळू, "दस रुपया तीन."

पदराची गाठ सोडून तिने पैसे दिले, भोपळा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. वस्तू विकली गेली की टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धत आहे. आम्ही वाजवल्या.