बांधावरची मतं

"ते सगला ऱ्हाऊ द्या. पयला सांगा, बांध कसा हाय?"

लग्नाला गेले तरी मेंबर आधी हेच विचारायचे. भटजींनी अंतरपाट धरलेला, आणि हे आपले वधूपित्याला बाजूला घेऊन खाडीच्या बांधाची चौकशी करताहेत! मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेल्यापासून सगळा तालुका त्यांना मेंबरच म्हणे. नावाने हाक मारणारी त्यांची आईच तेवढी उरली होती.

आमच्याकडे खाडीकाठच्या भातशेतात समुद्राचं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. तो फुटला की शेत खारं होतं, आणि मग दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. मेंबर असल्याच शेतात वाढलेले. शिक्षण मराठी चौथी. मी त्यांच्या निवडणुका सांभाळणारा तालुक्याचा वकील. त्यांच्यावर रागावण्याचा हक्क माझा होता, आणि तो मी भरपूर बजावला.

रेवसहून बोटीने ते मुंबईला बैठकीला जात. एकदा मीही गेलो आणि गॅलरीत बसून त्यांचं भाषण ऐकलं. विषय प्राथमिक शाळांचा. मेंबर उठले, चिखलात उतरायच्या सवयीने धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि म्हणाले, "शाला पायजेत. पन बांध फुटला का पोराचा बाप गाव सोरून जातो. मग शालंत कोन बसंल? मास्तर?" सभागृह हसलं. या सभासदांना प्रत्येक विषयात बांधच दिसतो, असा एका साहेबाने शेरा मारला. परतीच्या बोटीत मेंबर खूश! "आयकला ना त्यांनी," म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

पण ऐकलं होतं खरं. वर्षानुवर्षं तेच एक गाऱ्हाणं कानावर पडून सरकार बांधांची दुरुस्ती अंगावर घ्यायला अर्धंमुर्धं राजी झालं. ठराव निवडणुकीनंतरच्या सभेत यायचा होता. मेंबर निवडून आले तरच तो येणार, कारण दुसऱ्या कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. समोर उभे होते मुंबईचे एक बॅरिस्टर. दाराशी मोटार, जिभेवर साखर, आणि बांधावर पाय म्हणून ठेवलेला नाही.

मतदानाचा दिवस नेमका उधाणाचा निघाला. मेंबरांचं हुकमी गाव खाडीपलीकडे. तिथली माणसं दुपारची जेवणं आटोपून तालुक्याच्या शाळेत मत द्यायला येणार होती. त्यांच्याऐवजी एकटाच गडी धापा टाकत आला. दुपारच्या भरतीने बांधाला खांड पाडली होती, चांगलं भगदाडच.

खांड बुजवायची ती ओहोटीतच. राहिली तर रात्रीची भरती अख्खा बांध घेऊन जाते. म्हणून त्या गावांचा कायदा असा, की एकदा मातीला हात लावला की खांड बुजून रात्रीची भरती उतरेपर्यंत कुणी बांध सोडायचा नाही. मी मेंबरांचा हातच धरला. "निम्मी माणसं तरी इकडे पाठवा! अहो, तुम्ही पडलात तर ठराव गेला, आणि ठराव गेला तर हा बांध दरसाल फुटेल."

"तुमचा बराबर हाय, वकील. पन आज फुटलाय ना," ते म्हणाले आणि होडीकडे चालू लागले.

संध्याकाळी शाळेचं दार बंद झालं. त्या गावचं एकही मत पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमचं टेबल उचलायला शाळेत गेलो, तर सगळा गाव ओट्यावर बसलेला. कमरेपर्यंत चिखल वाळलेला, पण चेहरे समाधानी. खांड बुजली होती.

"शाला कवा उघरतील? मत द्याचाय," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला.

"आजोबा, मतदान काल संपलं. पेट्याही गेल्या."

तो माझ्याकडे बघून हसला, अजाण पोराकडे बघून हसावं तसा. "संपंल कसा? आमी बांधावर व्हतो ना! बांधावर जो असंल त्याचा वाटा गाव ठेवतो. मासली असूं दे, नायतं देवाचा परसाद. आमची मतं बी ठेवली असतील कुनी."

एवढ्यात मागून मेंबर आले. त्यांनी ते ऐकलं होतं.

"ठेवली व्हती," ते म्हणाले. "मना भेटली सगली. जा आता घरा, निजा."

माणसं खुशीत उठली. ती दिसेनाशी झाल्यावर मी उसळलो. खोटं कशाला सांगितलंत, म्हणून विचारलं. "रातभर माती वाह्यलीय त्यांनी," एवढंच बोलले, आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मेंबर पडले. ज्या थोडक्या मतांनी पडले, त्याहून जास्त माणसं त्या सकाळी ओट्यावर बसली होती. ठराव कधी आलाच नाही. पुढल्या पावसाळ्यात मेंबरही गेले.

त्या गावात मी अजून जातो. बाकीच्या तालुक्याने दगा दिला म्हणून आपला मेंबर पडला, असं ती माणसं आजही म्हणतात आणि तालुक्याला मनसोक्त शिव्या घालतात. मी तालुक्याचाच. खाली बघून ऐकून घेतो.