हिरवा चेहरा, नारिंगी कान

गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत लिफ्ट आली होती, केबल आली होती, पाणी तेवढं यायचं होतं. तळमजल्यावरचे काका सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे रंगवून निवृत्त झाले होते. नदी निळी, डोंगर तपकिरी; त्यात बदल करायची मुभा साहेबालाही नव्हती. "आता कुणाच्या बापाचं ऐकणार नाही," म्हणत ते जांभळ्या म्हशी आणि लालभडक कडुनिंब काढत बसायचे. बोलताना एक डोळा मिटून असे बघायचे, की आपण माणूस नसून टेकडी आहोत असं वाटावं.

हौसेनं मी त्यांच्याकडून माझं चित्र काढून घेतलं. चेहरा हिरवागार, डावा कान नारिंगी!

"काका, मी असा दिसतो?"

"बिल्कुल! तुम्ही बसला होतात तेव्हा मिसेसनी पाण्यावरून सुनावलं ना? तुम्ही राग गिळलात, तो हिरवा. थोडा कानातून बाहेर आला, तो नारिंगी."

बायको इतकी हसली, की चित्र मी कपाटामागे टाकलं.

पुढच्याच आठवड्यात टँकरपाशी एक शेजारी रांग मोडून पुढे घुसला. मी अगदी शांतपणे, हसतमुखानं "देखिए भाईसाहब" म्हणत त्याला समजावत होतो. मागे बादली घेऊन उभ्या असलेल्या काकांनी हळूच एक डोळा मिटला.

माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. कान चांगलाच तापला होता.