मास्तरीणबाई आणि टेकडीवरची जाऊ

पुलाखालच्या सिग्नलला लागून मास्तरीणबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलींना शिवण शिकवायच्या, म्हणून हे नाव. दुकानाच्या वरच त्यांची खोली. सिग्नल लाल झाला की बसगाड्या दारातच धूर ओकत उभ्या राहायच्या. पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं.

धाकटी जाऊ आधी त्यांच्याच खोलीत राहायची. दिराला बढती मिळाली आणि दोघं टेकडीवर राहायला गेली. "ताई, तिकडे आम्ही दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो," असं ती सहज बोलून गेली आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे पडदे, तिची झाडं, तिचं न खोकणंसुद्धा त्यांच्या डोळ्यांत सलायचं.

मग बाईंच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं.

"धुरानेच ना?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"अशा हवेत वर्षानुवर्षं राहिल्याने धोका थोडा वाढतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण तुमची गाठ त्यानेच झाली, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. चांगल्या हवेतल्या बायकांनाही होतो."

"माझ्या जावेला नाही झाला."

"त्यांनी तपासून घेतलंय?"

नव्हतं घेतलं. बाईंनीच तिला पाठवलं. काळजी होतीच, पण नुसती काळजी नव्हती.

रिपोर्ट हातात पडताच जाऊ धावत दुकानात आली. "ताई, माझं काही नाही निघालं!"

"बरं झालं," म्हणून बाईंनी मशीनवर मान वाकवली.

"असं काय तोंड फिरवता? बोला की."

"तुझं काही निघालं असतं, तर मला जरा बरं वाटलं असतं."

जाऊ रिपोर्ट उचलून निघून गेली. बाईंनी उलटी पडलेली बाही उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उलटीच पडली.

दुसऱ्या दिवशी जाऊ रिक्षा घेऊन दारात हजर. "राग आलाय मला. खूप. पण उपचार होईपर्यंत माझ्याकडे राहायचंय. कपडे भरा."

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. बाई वाचल्या. पुलाखालचं दुकान सोडून त्यांनी मागच्या गल्लीत मशीन मांडलं. गिऱ्हाईक कमी, पण धूरही कमी.

मत्सर मात्र गेला नाही. टेकडीवर गेल्या की आजही म्हणतात, "तुझं नशीबच मेलं चांगलं!"

"जळा खुशाल," जाऊ पाण्याचा पेला पुढे करते, "आधी गोळी घ्या."