पाय कोण धरणार?

अमेरिकेत मुलाच्या घरी दूरचित्रवाणीवर तिथल्या, चेंडू हातात घेऊन खेळायच्या फुटबॉलच्या संघांची निवडसभा पाहत होतो. संघ आळीपाळीने नवे खेळाडू घेत होते. सतत हरणाऱ्या एका संघाने पहिल्याच पाळीला एक अगडबंब पोरगा निवडला.

"आजोबा, हा चेंडूला हातही लावत नाही," नात म्हणाली. "चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्यांना फक्त अडवतो."

नाव पुकारताच तो आईच्या खांद्यावर डोके ठेवून रडला.

शिवाने गुडघ्यामुळे कबड्डी सोडली आणि आमचा संघ कोसळला, असे गावात आजही सांगतात. साफ खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही त्या वर्षीच्या आमच्या निवडसभेला नव्हता, मी होतो. तालुक्याच्या स्पर्धेसाठी आम्हीही असेच आळीपाळीने खेळाडू घेत असू. आमच्या संघाची निवड माझ्या हाती होती, आणि माझ्या तिन्ही पाळ्या मी चढाई करणाऱ्यांवर उधळल्या, कारण टाळ्या त्यांनाच पडत. वर्षानुवर्षे कोपरा सांभाळणारा शिवा धडधाकट गुडघ्यांनी भिंतीशी उभा होता.

निघताना त्याने विचारले, "मास्तर, चढाया हे करतील. पण समोरून येणाऱ्याचा पाय कोण धरणार?"

"आता तू मला खेळ शिकवणार?" मी म्हणालो.

गुडघ्याची गोष्ट पुढे त्यानेच पसरवली, मला बोल लागू नये म्हणून. माझ्यावर येणारेही तोच अडवत राहिला, आणि मी ते चालू दिले. आज ती गोष्ट मी खोडतो आहे.

पडद्यावरच्या पोराने संघाची टोपी आईच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा हे ऐकायला शिवा उरलेला नाही, हे मला नव्याने आठवले.