वेलबुट्टीचं रिव्हॉल्व्हर

फटाक्याच्या दारूचा जळका वास आला की मला वसमतचे, बंदुका दुरुस्त करणारे चाचा आठवतात. नव्वदच्या दशकात बाबांसोबत मी त्यांच्या दुकानात गेले होते. आजोबांचं निजामाच्या काळातलं, वेलबुट्टी कोरलेलं रिव्हॉल्व्हर विकायचं होतं. चाचांनी वेलीवरून बोट फिरवलं, मग नळी नाकाशी नेली.

"किंमत मागून सांगतो. यातून गोळी कवा झाडली?"

"तीस वर्सं पेटीत बंद हाय," मी म्हणाले.

"न्हाई बेटी. वास ताजा हाय."

पेटीची किल्ली फक्त बाबांच्या करदोट्याला असायची. बाबा रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळू लागले. बाबा घाबरले, असं तेव्हा वाटलं. आता तो चेहरा आठवते, तर त्यावर साधं नवलसुद्धा नव्हतं.