पप्पांच्या तोंडची साक्ष

पप्पांना कुणाच्याही जखमेची कधी किळस आली नाही. महारोग्याच्या तळपायातले किडे चिमट्याने काढता काढता ते त्याला घरच्या म्हशीचं विचारायचे, व्याली का, दूध किती देते. मी लातूरला सिस्टर आहे, जखमा बघण्यातच जन्म चाललाय, पण तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई खाल्ल्या घरचे वासे मोजते. खुशाल म्हणावं.

निलंग्याबाहेरच्या माळावर लिंबाखाली चार बाजा टाकून त्यांनी सेवाकार्य सुरू केलं. पुढे दवाखाना झाला, मुलींचं वसतिगृह झालं, शिवणवर्ग झाला, देगलूरकडे शाखा निघाली. राजदूत मोटारसायकल गेली, जीप आली. त्यांच्याहून वयाने मोठे म्हातारेसुद्धा त्यांना पप्पाच म्हणायचे. "आधी भाकर, मग बायबल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच, तुमचा धर्म कोणता, जात कोणती, हे जेवण होईपर्यंत तिथे कुणी विचारत नसे.

आई मला घेऊन तिथे आली तेव्हा मी दीड वर्षाची होते. माझे वडील अर्धापूरला केळीच्या मळ्यांत हमाली करायचे. घडांनी भरलेला ट्रॅक्टर उलटला आणि ते खाली सापडले. सासरच्यांनी आईला पांढऱ्या पायाची म्हणून हाकललं, माहेरी निलंग्याला भावजयीने उंबऱ्यातच अडवलं. पप्पांनी तिला स्वयंपाकघरात काम दिलं, डोक्यावर छप्पर दिलं. ती सगळ्यांची मावशी झाली.

आमच्या भक्तीत, म्हणजे प्रार्थनासभेत, साक्ष द्यायची पद्धत होती. एकेकाने उभं राहायचं आणि प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते चारचौघांत सांगायचं. आईला ते जमत नसे. ती उभी राहायची, पदर तोंडावर धरायची आणि खाली बसायची. पण एकदा प्रार्थनेनंतर तिने पप्पांजवळ एकटीने मन मोकळं केलं होतं. पुढच्याच महिन्यात मुंबईचे देणगीदार पाहुणे आले, तेव्हा पप्पांनी तिला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "मावशीला बोलवत नाही, तिच्या वतीनं मी सांगतो."

मी चौथीत होते, पुढच्या सतरंजीवर मुलींत बसलेली. माझी आई मला कडेवर घेऊन विहिरीच्या काठापर्यंत गेली होती, मी जागी होऊन पाणी मागितलं म्हणून मागे फिरली, हे मला तिथे कळलं. पाहुण्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. एक बाई येऊन माझा गालगुच्चा घेऊन गेली. मला तिचा हात चावावासा वाटला होता.

तेव्हा निदान जे झालं तेच सांगितलं होतं. पुढच्या खेपेला माझे वडील दारू पिऊ लागले. त्याच्या पुढच्या खेपेला आईला मारू लागले. शेवटी तर तो ट्रॅक्टरही त्यांच्या दारूपायीच उलटला. आमच्या बापाने मेल्यावर एवढी प्यायली, जितेपणी पाण्याला महाग होता बिचारा.

आई भिडस्त, पण एवढ्यासाठी तिने पप्पांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "पप्पा, ते पेत न्हवते. सुपारीचं खांडबी कधी तोंडात न्हाई घातलं त्यांनी."

पप्पा मायेने हसले. "मावशे, तुझं दुःख लोकांच्या ध्यानात यावं म्हणून सांगतो गं. मेलेल्या माणसाला काय लागून राहिलंय?"

त्यावर आईने एवढंच मागितलं की एकदा, फक्त एकदा, त्याच जागेवरून त्यांनी खरं सांगावं. पप्पा हो म्हणाले. मग ती प्रत्येक भक्तीला पुढे बसायला लागली. पाहुणे आले की पप्पा जुनंच सांगायचे आणि आई मान खाली घालायची. घरी भाकरी थापताना मात्र मला सांगायची, तुझा बाप चहा बशीत ओतून अर्धा मला द्यायचा, तसला माणूस होता. मला बापाचं एवढंच मिळालं. फोटो नाही, काही नाही.

मी नोकरीला लागले तोवर पप्पांच्या पायाचं बोट साखरेने नेलं होतं. ड्रेसिंगला ते माझ्याकडेच यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. एकदा पट्टी बांधता बांधता मी विषय काढला. म्हटलं, पप्पा, आई थकली आता, तेवढं एकदा सांगून टाका.  पप्पा म्हणाले, "बाई, त्या साक्षीवर तुझं नर्सिंग झालंय."

मला राग येऊन काय उपयोग? माणूस खोटं बोलत नव्हता. मी गाठ मारली, चिकटपट्टी लावली, पुढच्या पेशंटला बोलावलं.

गेल्या उन्हाळ्यात पप्पा गेले. शोकसभेला माणूस मावत नव्हता, रडतही सगळे खरंच होते, मीही रडले. आईला अलीकडे विसर पडायला लागलाय, म्हणून तिला मी माझ्याशेजारी बसवलं होतं. साक्ष द्यायची वेळ आली आणि ती आपली आपण उठली, कुणी न सांगता. पदर तोंडावर नव्हता. मला वाटलं, झालं एकदाचं, आता ही बोलेल.

"माजा मालक लई दारूडा होता," आई म्हणाली. मग मारहाण, मग ट्रॅक्टर, मग विहीर, सगळं त्याच क्रमाने, पप्पा जिथे थांबायचे तिथे थांबत. लोक हुंदके देत होते.

परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, आई, बाबा पीत नव्हते. तूच सांगायचीस ना?

ती माझ्याकडे वळली. "पेत न्हवते कसं? पप्पा काय खोटं सांगतेत व्हय?"

बाबा पीत नव्हते हे सांगणारी आता जगात मी एकटी उरले आहे. आणि मला तर त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही.